साठवायचंच आहे तर ग्लुकोज तसंच का नाही ठेवत?

बारावी_बायो: उद्या युनिट टेस्ट आहे. वहीत एवढंच दिलंय की वनस्पतींमधलं स्टार्च विरघळत नाही म्हणून साठवायला चांगलं. पण त्याने फायदा नेमका काय? आणि प्राण्यांमधल्या ग्लायकोजेनला इतक्या फांद्या कशाला, शेवटी दोन्ही ग्लुकोजच ना?

शिळा_भात: मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात ना, तेच. सुटं ग्लुकोज पाणी ओढतं आणि किती ओढणार ते रेणूंच्या संख्येवर ठरतं, वजनावर नाही. लिव्हरच्या पेशीतलं सगळं ग्लायकोजेन मोकळं केलं तर ग्लुकोज साधारण ०.४ मोलर (लिटरमागे रेणू किती याचं माप) होईल, रक्तात असतं ०.००५ च्या आसपास, मग पेशी फुटणारच की. तेच हजारो ग्लुकोज एका रेणूत बांधले की पाण्याच्या हिशेबात तो एकच. वहीतलं अर्धंच बरोबर आहे बरं का, ग्लायकोजेन पाण्यात बऱ्यापैकी पसरतं, तरी चालतं ते यामुळेच.

मागच्या_बाकावरचा: फांद्यांचं मी सांगतो. ग्लायकोजेन तोडणारं एन्झाईम टोकाकडून एकेक ग्लुकोज काढतं. एसटीला एकच दार असलं की उतरायला किती वेळ लागतो, दहा दारं असती तर? स्टार्चमध्ये दोन प्रकार, त्यातल्या अमायलोजची सरळ साखळी म्हणजे एक दार. दुसऱ्याला, अमायलोपेक्टिनला, २४-३० ग्लुकोजमागे एक फांदी, ग्लायकोजेनला ८-१२ मागे. कुत्रा मागे लागला तर तुला आत्ताच्या आत्ता ग्लुकोज पाहिजे, बटाट्याला कुठे पळायचंय, तो सावकाश कोंब काढतो.

बारावी_बायो: 😂 कळलं. मग सेल्युलोज? ते पण ग्लुकोजच, मग गवत खाऊन आपलं का भागत नाही

शिळा_भात: जोडणी वेगळी. स्टार्चमध्ये अल्फा, त्यामुळे साखळी वळत जाऊन स्प्रिंग होते, कमी जागेत मावते (आयोडीन त्या स्प्रिंगमध्ये अडकतं म्हणून निळा रंग येतो). सेल्युलोजमध्ये बीटा, एक ग्लुकोज सुलटं एक उलटं, साखळ्या ताठ राहतात आणि हायड्रोजन बॉन्डने एकमेकींना चिकटून दोरखंड होतो. वनस्पतीच्या पेशीच्या भिंतीला तेच हवं. आपलं अमायलेज (स्टार्च पचवणारं एन्झाईम) बीटा जोडणी तोडू शकत नाही, गाईचंही नाही खरंतर, तिच्या पोटातले जिवाणू तोडतात.

खवय्या_००७: थोडं अवांतर, आसामच्या बोरा तांदळात अमायलोज जवळपास नसतंच, म्हणून तो भात इतका चिकट.

बारावी_बायो: हे सगळं लिहिलं तर मार्क देतील का?

मागच्या_बाकावरचा: पहिली ओळ वहीतलीच लिही, मग हे. आणि एसटी लिहू नको.