बेपत्ता काकांच्या मुलाला प्रतिवादी करता येतं का?

प्रश्न: सिन्नरच्या वडिलोपार्जित जमिनीचा वाटपाचा दावा नाशिक कोर्टात चालूय, धाकटे काका २०१५ पासून बेपत्ता, सातबाऱ्यावर नाव त्यांचंच, समन्स परत येतंय, आता वकील म्हणतात चुलतभावाला पार्टी करा. चालेल का?

— दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर १ रूल १० खाली, म्हणजे दाव्यात नवा पक्षकार घ्यायला, अर्ज द्या. वाटपात सगळे हिस्सेदार लागतातच. काकांचं नाव मात्र दाव्यातून लगेच कमी करू नका.

— सात वर्षं काही खबर नसेल तर मयत धरता येतं, आधी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. पण ते सिद्ध करावं लागतं हो, पोलिसांत मिसिंग दिलीय ना? बऱ्याच घरांत देतच नाहीत.

— काकू आणि मुली पण घ्या, लग्न झालेल्या सुद्धा! तोवर सीपीसीच्याच ऑर्डर ५ रूल २० खाली काकांच्या नावाचं समन्स पेपरात काढा.