म्हैस फक्त आईलाच पान्हा सोडते. आई आठ दिवस गावाला चालली आहे

नवखा गवळी: मुऱ्हा म्हैस, दुसरं वेत (दुसऱ्यांदा व्यालेली), खाली रेडकू आहे. दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर देते, पण फक्त आईला. मी बसलो की कास टम्म, बादलीत चार धारा आणि मग बादलीतच पाय. पुढच्या आठवड्यात आई लग्नाला जाणार. शेजारचे काका म्हणतात, आईची साडी नेसून बस. मी मिशीवाला, ८५ किलोचा. हे खरंच चालतं, की उगाच गावाची करमणूक?

कडबाकुट्टी: काका बरोबर सांगतायत, अर्धंच सांगतायत. साडी आईनं दोन-तीन दिवस गोठ्यात वापरलेली, न धुतलेली हवी. कपाटातली घडी मोडलीत तर म्हशीला साडीही परकी आणि तुम्हीही. ती ओळखते वासावर, आवाजावर आणि हातावर. मिशीशी तिला देणंघेणं नाही. त्या दिवसांत वासाचं तेल, अत्तर बंद.

म्हशीच्या कासेतलं जवळजवळ सगळं दूध वर ग्रंथींत असतं, सडाच्या वरच्या पोकळीत नावापुरतंच. म्हणून पान्हा नाही तर दूध नाही. गाईसारखं ओढून लिटरभरही निघत नाही. ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा सोडवणारं संप्रेरक, रक्तातून कासेत पोचलं की दूध उतरतं. म्हैस बिचकली की अॅड्रेनॅलिन हे भीतीचं संप्रेरक ते अडवतं. तुमच्या चार धारांचं कारण हेच.

सरकी पेंड: साडीवर भिस्त ठेवू नका, आई आहे तोवर हात बदला. पहिले दोन दिवस आई धार काढेल, तुम्ही शेजारी बसून फक्त आंबोण (धारेच्या वेळचा खुराक) घाला. पुढचे दोन दिवस कास तुम्ही धुवा, धार आईनं सुरू करायची, शेवट तुम्ही. मग सगळं तुम्ही, आई तोंडापाशी उभी.

वेळ, जागा, बसायची बाजू तीच. रेडकू मिनिटभर पाजून तिच्या तोंडापुढं बांधा, चाटू दे. कोमट पाण्यानं कास धुवून मिनिटभर चोळा. सड ताठ झाले की लगेच सुरू करा. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात फोन आला तर वाजू द्या. पूर्ण मुठीनं काढा. अंगठा दुमडून काढलं की सडाला आतून इजा होते, दुखतं आणि मग लाथ येते. नखंही कापा.

गंगावेस: कोल्हापुरात दूध कट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात तिथं, म्हशी भर रस्त्यात, हॉर्नच्या गोंगाटात पान्हा सोडतात. सवय लागली की गोंगाट चालतो. तुमच्या म्हशीला एकदम झालेला बदल नको आहे.

सरकी पेंड: आणखी एक. कोणी इंजेक्शन आणून दिलं तर घेऊ नका. ऑक्सिटोसिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरायचं नाही, आणि रोज टोचलं की त्याशिवाय पान्हाच सोडत नाही. दूध अडलं तर रेडकाला चारही सड पाजा. दूध कासेत तुंबलं तर उत्पादन घटतं, कासदाहाचीही (कास सुजण्याचा रोग) भीती. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर बघा. गुठळ्या दिसल्या किंवा कास गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर.

नवखा गवळी: आजपासून आंबोण माझ्याकडे. पण वेळ आलीच तर साडी पाचवारी की नऊवारी?

कडबाकुट्टी: नऊवारी, काष्टा घालून. पाचवारीत पाय अडकतो आणि बादली घेऊन मागं सरता येत नाही.