ऑनलाइन शाळेच्या ॲपवर गणितात ९२ टक्के, पण कागदावर काहीच नाही : जाब कोणाला विचारावा?

प्रश्न : धावपटूची आई, सिडको

माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत आहे. सकाळ-संध्याकाळ धावण्याचा सराव सांभाळून शिक्षण व्हावे म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही जुन्या शाळेतून दाखला काढला आणि तिला एका ऑनलाइन शाळेत घातले. ॲपवर गणितातील तिची प्रगती ९२ टक्के दिसते आणि दर रविवारी मला अभिनंदनाचा संदेशही येतो. मागच्या आठवड्यात वाणसामानाची यादी करताना मी तिला सहज विचारले, की १६० रुपये किलोचे शेंगदाणे पाऊण किलो घेतले तर किती पैसे द्यायचे. बराच वेळ कागदाशी झटून तिने बाराशे हे उत्तर दिले, आणि ते चुकीचे असावे अशी शंकाही तिला आली नाही. शाळेकडे विचारणा केली तेव्हा ‘पालकांचा सहभाग वाढवावा’ असे उत्तर आले. तिचे वडील अंबडला पाळीत काम करतात आणि मी घरी शिवणकाम करते. आम्ही नेमका कोणता सहभाग वाढवावा आणि शाळेकडून काय मागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, निफाड तालुका

ताई, हजेरी, धडा पुरा होणे आणि विषय समजणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि ॲप बहुधा पहिल्या दोनच मोजते. आमच्या भागात द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असे, पण कोणाचे कुठे अडले आहे हे वहीवरून कळत असे, कारण चूक वहीत जशीच्या तशी उरते. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे तिला ठाऊक नाही, की ठाऊक असून दशांशचिन्ह चुकले, हे तिने केलेली आकडेमोड पाहिल्याशिवाय कोणत्याही शिक्षकाला सांगता येणार नाही. म्हणून आठवड्यातून एकदा हाताने सोडवलेली गणिते मागवून ती तपासून परत पाठवावीत, आणि तपासणाऱ्या शिक्षकाचे नाव आपल्याला माहीत असावे, एवढे लेखी मागा.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ‘सहभाग वाढवा’ हे सांगण्याआधी आपले हे काम झाले आहे का, ते शाळेने पाहावे. मी स्वतः नोकरी करत असताना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.एड. केले. दूरशिक्षण असूनही अभ्यासकेंद्रावर जाऊन मार्गदर्शकांपुढे बसावेच लागे. मोठ्या माणसांना जे लागते ते तेरा वर्षांच्या मुलीला लागणार नाही, असे कसे म्हणता येईल?

उत्तर २ : एक पालक, इंदिरानगर

सरांचे म्हणणे पटते, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : या शाळेला मान्यता कोणाची आहे? पुष्कळ ऑनलाइन शाळा प्रत्यक्षात शिकवणी चालवतात आणि दहावीला मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसवतात. माझा मुलगा त्याच मार्गाने दहावी झाला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेथे किमान पाच विषय घ्यावे लागतात, वय चौदा पूर्ण असावे लागते, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि ती टप्प्याटप्प्याने देण्यासाठी पाच वर्षांची मुदत असते. विषयांच्या गृहकार्याला २० टक्के गुण असतात, मात्र उरलेला पेपर केंद्रावर बसून हातानेच लिहावा लागतो. ॲपवरचे ९२ टक्के तेथे कोणी विचारत नाही.

मान्यता नसेल, तर कायद्याने दिलेली हत्यारेही बोथट होतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि शुल्काबाबत त्याच्या कार्यकारी समितीला बोलता येते. मान्यता नसलेल्या मंडळींच्या बाबतीत आपल्या हाती मुख्यतः प्रवेशाच्या वेळी केलेला करार राहतो, म्हणून तो काढून नीट वाचा. तिला परत नेहमीच्या शाळेत घालायचे ठरले, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप वर्गात प्रवेशाची आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे.

उत्तर ३ : संगणक अभियंता, गंगापूर रोड

अशी ॲप्स बनवण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. चित्रफीत शेवटपर्यंत चालली की धडा ‘पूर्ण’ धरला जातो, चाचणी कितीही वेळा देता येते आणि त्यांतील सर्वांत चांगले गुण तेवढे दाखवले जातात, अशी रचना सर्रास आढळते. शाळेकडे पहिल्या प्रयत्नाचे गुण मागा. ते साठवलेले असतात, फक्त पालकांच्या पडद्यावर येत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती : धावपटूची आई, सिडको

तिघांचेही आभार. पहिल्या प्रयत्नाचे गुण मागितल्यावर तीन दिवसांनी आले, ते ४१ टक्के आहेत. येथे मलाही एक कबुली द्यावी लागेल. मुलगी मैदानावरून दमून आली की मी शेजारी बसून ‘हा पर्याय नको, तो बघ’ असे सांगत तिच्या कितीतरी चाचण्या उरकून घेतल्या आहेत. मला वाटत होते की हाच पालकांचा सहभाग. त्यामुळे या ४१ मध्येही थोडे गुण माझेच असावेत. करारात मंडळाचे नाव कुठेच सापडले नाही, त्याबद्दल शाळेला लेखी विचारले आहे. कालपासून ती रोज पाच गणिते वहीत सोडवते आणि मी शिवणयंत्रावर बसलेली असते. अडले तरी उत्तर सांगत नाही. सोमवारी जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटणार आहे.