सिंगापूरची ऑफर : महिना ८,५०० डॉलर, घरात तिघं. जावं का?

सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. वय ३४, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं झाली. सिंगापूरच्या एका कंपनीकडून पत्र आलंय : महिना ८,५०० सिंगापूर डॉलर, त्यातच सगळं. घरभाडं वेगळं नाही, शाळेची फी नाही, विमा फक्त माझा. एका माणसाचं विमानाचं तिकीट आणि पहिले चौदा दिवस हॉटेल. रुजू व्हायची तारीख ३ नोव्हेंबर.

बायको खाजगी बँकेत आहे, हातात सत्तर हजार येतात. मुलगी सहा वर्षांची. वडगावच्या फ्लॅटचा हप्ता ४५ हजार. दोघांच्या पगारातून हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला साठ-पासष्ट हजार शिल्लक पडतात.

८,५०० ला ६७ ने गुणलं की साडेपाच लाखांच्या वर जातं. आई-बाबा तर तो आकडा ऐकूनच खूश आहेत. पण मला आकड्याची खात्री वाटत नाही. तिथे राहिलेल्यांनी खरा हिशोब सांगा. आठवड्याभरात उत्तर द्यायचंय.

मृदगंध

सिंहगडरोड, आधी अभिनंदन. आम्ही सात वर्षं सिंगापूरच्या सेंगकांग भागात होतो, गेल्या वर्षी नाशिकला परतलो. सविस्तर लिहिते, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

गुणाकार करू नका. तिथला पगार तिथेच खर्च होतो. शिल्लक राहील तेवढ्यालाच ६७ ने गुणा.

सगळ्यात मोठा घास भाड्याचा. आम्ही २०१९ मध्ये सेंगकांगला एचडीबीचा, म्हणजे सरकारी गृहनिर्माणातला, चार खोल्यांचा फ्लॅट २,१०० ला घेतला. त्यांच्या मोजणीत हॉल ही एक खोली असते, म्हणजे बेडरूम तीनच. २०२३ ला करार संपला तेव्हा मालकीणबाईंनी ३,२०० सांगितले. बाई चांगल्या होत्या, दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायच्या, पण सगळीकडे तोच भाव झाला होता. तुम्ही तिघं दोन बेडरूममध्ये राहाल, ३,००० धरा. एचडीबीच्या प्रत्येक इमारतीत परदेशी भाडेकरूंचा कोटा असतो. तो भरला असेल तर मालक तयार असूनही घर मिळत नाही. आमची दोन घरं अशी हातातून गेली.

दोन वर्षांच्या करारावर दोन महिन्यांची अनामत, एक महिना आगाऊ, आणि एकूण भाड्यावर ०.४ टक्के मुद्रांक शुल्क. ३,००० च्या घराला हे ९,२८८ डॉलर होतात, तेही पहिला पगार हातात यायच्या आधी. म्हणून कंपनीकडून आगाऊ रक्कम मागाच. करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ लिहून घ्या. नोकरी गेली किंवा बदली झाली तर बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. त्या कलमाशिवाय सही करू नका, एजंट कितीही घाई करू दे.

बाकीचा माझ्या वहीतला हिशोब, तिघांसाठी : वीज-पाणी-गॅस २००, फोन आणि वायफाय ८०, किराणा आणि बाहेरचं खाणं १,०००, बस आणि एमआरटी, म्हणजे मेट्रो, २००. घरी पोळी-भाजी केली तर हजारात नीट भागतं. भाजीला रविवारी सकाळी टेक्का मार्केट. मेथी, गवार, कढीपत्ता, सगळं मिळतं. गाडीचा विचारही मनात आणू नका. गाडी घ्यायच्या नुसत्या परवान्याला लाखभर डॉलर पडतात.

शाळा. सरकारी शाळेत पहिलीला परदेशी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि प्रवेशाची हमी नाही. बहुतेक भारतीय घरांतली मुलं सीबीएसईच्या आंतरराष्ट्रीय शाळेत जातात. मुलाला आम्ही बस धरून महिन्याला १,३०० भरत होतो.

विमा. तुमच्या ईपीवाल्यांचा, म्हणजे ‘एम्प्लॉयमेंट पास’ या नोकरीच्या परवान्यावर येणाऱ्यांचा, आरोग्य विमा काढायचं कंपनीवर कायद्याने बंधन नाही, कुटुंबाचा तर नाहीच. माझ्या मुलाचं अपेंडिक्स रात्री दोनला काढावं लागलं. नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी फक्त त्याच्यापुरती होती. बारा हजार डॉलर आमच्या खिशातून गेले, वर्षभराची शिल्लक. अजून तो कागद पाहिला की पोटात गोळा येतो. दोघींच्या विम्याचे २५० धरा.

कर भारतापेक्षा खूप कमी. वर्षाच्या १,०२,००० वर सवलती न धरता ५,८८० होतो. पण तो पगारातून कापत नाहीत, पुढच्या वर्षी एकदम बिल येतं. महिन्याला ४९० बाजूला काढत चला. पीएफही नाही. सीपीएफ, म्हणजे तिथला पीएफ, फक्त नागरिक आणि पीआर, म्हणजे कायम रहिवासी, यांना. म्हातारपणाची सोय तुमची तुम्हीच करायची.

बेरीज ६,५२० झाली. राहिले १,९८०. पुण्याचा हप्ता सुमारे ६८० डॉलर. उरले १,३००, म्हणजे ८७ हजार रुपये. आज पुण्यात साठ-पासष्ट उरतात. म्हणजे साडेपाच लाखांतून तुमची वाढ वीस-पंचवीस हजारांची, आणि वहिनींची नोकरी गेलेली.

नोकरी गेलेली असं का म्हणते, तर मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. २०१८ ला गेले तेव्हा डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या परवान्यावर, नुसत्या संमतीपत्राने काम करता यायचं. १ मे २०२१ पासून नियम बदलला. आता कंपनीने तुमच्यासाठी स्वतंत्र वर्क पास काढावा लागतो. माझ्या दवाखान्याला ते जमलं नाही. काम करणारी बाई एका पत्राने घरी बसते तेव्हा काय होतं ते पैशांत मोजता येत नाही. वहिनींशी हे आधी बोला, तिकीट काढल्यावर नको.

ताळेबंद

मृदगंधताईंनी सगळं सांगितलं आहे. दोन गोष्टी जोडतो.

एक, ईपी मिळायला लागणारी किमान पगाराची मर्यादा वयाबरोबर वाढते. २०२५ पासून आर्थिक क्षेत्र सोडून इतरांना वय २३ पर्यंत ५,६००, आणि चढत चढत ४५ ला १०,७००. मधली वर्षं समान पायऱ्यांनी धरली तर ३४ ला साधारण ८,१५० आणि ३६ ला ८,६०० च्या पुढे. पहिला पास जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. म्हणजे पगार ८,५०० वरच राहिला तर नूतनीकरणाला तुम्ही मर्यादेखाली जाल. बोनस त्यात धरत नाहीत, मूळ पगार आणि दर महिन्याचे ठरलेले भत्तेच धरतात. म्हणून वाढ मागायची ती मूळ पगारात.

दोन, ३ नोव्हेंबरला निघालात तर एप्रिलपासून भारतात १८२ दिवसांहून जास्त होतात. त्या आर्थिक वर्षात तुम्ही इथले रहिवासी ठरता आणि नोव्हेंबर ते मार्चचा सिंगापूरचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण तिथला दर कमी, त्यामुळे फरक इथे भरावा लागतो. आता तारीख अलीकडे आणणं जमणार नाही. पण ही रक्कम धरून चला. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं) करून घ्या, नवं एनआरई (तिथून पाठवलेल्या पैशांसाठीचं) उघडा.

कासाई_वरून

मी तोक्योत, निशी-कासाईला. इथेही दुसऱ्या वर्षाचाच फटका बसतो. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर, जूनपासून कापायला लागतात. सुमारे दहा टक्के. पहिल्या वर्षी हातात येतो त्या पगारावर घर घेतलेले दोन मित्र पुढच्या जूनमध्ये लहान घरात गेले. पॅकेज दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांवर तपासा.

सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. मृदगंधताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आधी बँकेत विचारते.

काल एचआरला पत्र लिहिलं. मूळ पगार ९,२००, कुटुंबाचा विमा, अनामतीसाठी दोन पगारांची उचल आणि शाळेची निम्मी फी मागितली. आज उत्तर आलं : पगार ९,०००, विमा तिघांचा, उचल एका पगाराची. शाळेला नाही म्हणाले.

बँकेने तिला वर्षभराची बिनपगारी रजा द्यायची तयारी दाखवली आहे, एप्रिलपासून. तोवर ती आणि मुलगी पुण्यातच, मुलीची पहिली इथेच पुरी होईल. मी एकटा जाऊन खोली घेऊन राहीन, त्या पाच महिन्यांत अनामतीचे पैसे साठतील. एप्रिलला दोघी येतील. वर्षाच्या आत तिला तिथे स्वतःचा पास मिळाला नाही तर तिघंही परत, असं आम्ही ठरवलंय. आई-बाबांनाही तसं सांगितलं.

ऑफिस चांगी बिझनेस पार्कला आहे. टँपिनीस किंवा सिमेई भागात एकट्यासाठी, स्वयंपाक करू देणारी खोली साधारण कितीला पडेल?