‘शांती स्मृती सोहळा’ चालेल का?

चाळीसगावकर: सध्या मुक्काम हिरोशिमा. गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी ६ ऑगस्टच्या इथल्या कार्यक्रमावर लिहितोय आणि मथळ्यातच अडलोय. ‘शांती स्मृती सोहळा’ लिहिलं, तर धुळ्याहून मामांचा फोन: “सोहळा लग्नाचा असतो रे, मयतीचा नाही.” जपानी नावात दोन गोष्टी आहेत: ‘इरेइ’, म्हणजे मृतात्म्यांना दिलासा, आणि शांतीसाठी प्रार्थना. ‘शोकसभा’ म्हणावं तर महापौर शांतीचा जाहीरनामा वाचतात, शाळेची पोरं बोलतात, कबुतरं सोडतात. ‘श्रद्धांजली सभा’ ही फ्लेक्सवाल्यांची भाषा. काय लिहू?

मुक्ताईनगरवाले: मामांना सांगा, आमच्याकडे मुक्ताईचा अंतर्धान सोहळा दरसाल होतो. आळंदीला संजीवन समाधी सोहळा. तिथे काय वरात निघते? शब्द बाटवला तो लग्नपत्रिकांनी.

शुद्धमती: समाधी म्हणजे मरण नव्हे, म्हणून तिथे सोहळा शोभतो. हिरोशिमात माणसं जळाली. आणि ‘शांती’ही खटकतं. शांती ग्रहांची करतात. देशादेशांत असते ती शांतता.

चाळीसगावकर: ‘शांतता’ म्हटलं की वाचनालयातली पाटी आठवते. शिवाय सव्वाआठला घंटा वाजते, सगळे मिनिटभर मान खाली घालून उभे, आणि झाडांवरचे किडे असे कर्कश किरकिरत असतात की त्याला शांतता म्हणवत नाही.

नंदुरबारी: ९ सप्टेंबरला आम्ही शिरीषकुमारच्या स्मारकावर जातो, त्याला ‘अभिवादन’ म्हणतो. साधा शब्द आहे, घ्या.

शुद्धमती: अभिवादन हुतात्म्यांना. ट्राममध्ये बसलेला माणूस कशासाठी हुतात्मा झाला?

धरणगावना आप्पा: ओ भो, आमनाकडे मयतना घर जातस त्याले ‘दारवर जानं’ म्हनतस. लिखा, ‘हिरोशिमाना दारवर गयथू’. कोनले समजाव नही?

पुण्याची अनुवादक: आप्पा, शब्द सुरेख आहे, पण इकडे दारावर येतो तो भाजीवाला! मथळ्यापेक्षा स्मारकावरचा लेख अवघड आहे. ‘निवांत झोपा, चूक पुन्हा होणार नाही.’ जपानीत कर्ताच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे न्या. राधाबिनोद पाल १९५२ मध्ये तिथे गेले आणि भडकले. बॉम्ब काही जपान्यांनी टाकला नव्हता, मग चूक कबूल करायची कोणी? मराठीत ‘होणार नाही’ लिहून आपणही अलगद सुटतो. ‘आम्ही करणार नाही’ लिहिलं की फसलो.

नंदुरबारी: ‘आपण’ लिहा. त्यात टाकणारे आले, सोसणारे आले, आपणही आलो.

पुण्याची अनुवादक: अहो, पण पालांचा आक्षेप नेमका त्यालाच होता ना!

चाळीसगावकर: मथळा राहिला बाजूला. बरं, आणखी एक सांगा. स्मारकापुढे पाणी वाहतात. भाजलेली माणसं पाणी-पाणी करत गेली, म्हणून. ‘जलार्पण’ लिहायला हात धजत नाही.

मुक्ताईनगरवाले: नकाच लिहू, सरकारी वाटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी आपण घागर भरतो, वर डांगर ठेवतो. ‘पाण्याची घागर दिली’ लिहा, अख्ख्या खान्देशाला एका ओळीत कळेल.

पुण्याची अनुवादक: घागरीवर भोपळा?

मुक्ताईनगरवाले: भोपळा कुठून आला? डांगर म्हणजे खरबूज.

शुद्धमती: चूक. डांगर म्हणजे लाल भोपळाच. उडदाच्या पिठाचं डांगर वेगळं.

धरणगावना आप्पा: लाल भोपयाले आम्ही गंगाफय म्हनतस, ताई. आखाजीले या, मंग सांगज्यात डांगर कसाले म्हनतस ते.