मदत हवी आहे: ऑफसेट पिनने स्ट्रोक ४ मिमी वाढवला तर पिस्टन नक्की किती वर येईल?

पाना_१०ः११
इंदूर. स्प्लेंडरचं जुनं ९७.२ सीसी इंजिन (बोअर ५०, स्ट्रोक ४९.५ मिमी) उघडलं आहे. भेरूघाट चढताना डबलसीट आणि सामान असलं की गाडी दम सोडते, म्हणून क्रॅन्कमध्ये २ मिमीची ऑफसेट पिन (रॉड बसतो तो भाग केंद्रापासून २ मिमी बाहेर सरकवलेली पिन) टाकायचा विचार आहे. एक खरादवाला म्हणतो पिस्टन ४ मिमी वर येईल, दुसरा म्हणतो २. रॉड-पिस्टन मूळचेच ठेवायचेत. वर आलेला पिस्टन हेडला लागू नये म्हणून बॅरलखाली (सिलिंडरखाली) कितीची प्लेट लावू?

लेथमास्तर
दोनच, दादा. क्रॅन्कच्या केंद्रापासून पिनच्या केंद्रापर्यंत आधी २४.७५ होते, आता २६.७५. पिस्टन टीडीसीला (सर्वात वरच्या टोकाला) २ वर जातो, बीडीसीला (सर्वात खालच्या टोकाला) २ खाली. प्रवास मिळून ४ ने वाढतो, ५३.५ होतो, म्हणजे १०५ सीसी. रॉड तोच असेल तर त्याच्या लांबीने या आकड्यांत फरक पडत नाही. मात्र रॉड जास्त तिरका होतो आणि स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) लायनरवर (बॅरलच्या आतल्या नळीवर) जास्त रेटला जातो.

प्लेट २ मिमीची, ॲल्युमिनियमची. तिच्याबरोबर जादा गॅस्केट लागलं तर त्याची जाडी २ मधून वजा करा. प्लेट नाही लावली तर काय होतं बघा: मूळ कॉम्प्रेशन रेशो ९ धरला तर हेडमधली जागा साधारण १२.१५ सीसी. पिस्टन २ मिमी वर आला की त्यातली ३.९ सीसी जाते आणि कॉम्प्रेशन पावणेचौदाच्या घरात पोचतं. तेही पिस्टन व्हॉल्व्हला भिडला नाही तर! प्लेट लावूनही ते ९.६५ होतंच, कारण वरची जागा तीच राहते आणि खालून जास्त हवा दाबली जाते.

सियागंजकर
एक गोष्ट राहिली, आणि इंजिन तिथेच मार खातं. प्लेटने बॅरल २ मिमी उचललं, म्हणजे बॅरलच्या हिशोबात वाढलेले चारही मिमी खालीच गेले. बीडीसीला स्कर्ट लायनरच्या बाहेर पूर्वीपेक्षा ४ मिमी जास्त लोंबतो, आणि क्रॅन्कच्या वेबकडे (पिन धरणाऱ्या जाड तबकडीकडे) २ मिमी सरकतो. हेड न लावता क्रॅन्क हाताने फिरवा, बीडीसीला स्कर्ट आणि वेबमध्ये फीलर गेज घाला. मिलिमीटरभर तरी फट हवी. बिग एंड (रॉडचं पिनवरचं टोक) क्रॅन्ककेसच्या तोंडाला घासतो का, तेही बघा.

पाना_१०ः११
समजलं. टायमिंग चेनचं काय? आणि पिन बसवताना काय सांभाळू?

सियागंजकर
हेड उचललं की चेन ताणली जाते आणि कॅम थोडा पुढे जातो. टेन्शनरमध्ये तेवढी ढील उरते का बघा. कॅम स्प्रॉकेटच्या बोल्टची भोकं लांबवून डिग्री प्लेटने (अंश मोजायच्या चकतीने) टायमिंग पुन्हा जुळवा. मग पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती थापा, हेड घट्ट बसवा, क्रॅन्क दोन चकरा फिरवा, उघडून माती कापा. इनटेकखाली १, एक्झॉस्टखाली दीड मिमीपेक्षा पातळ थर नको.

लेथमास्तर
पिनच्या तोंडावर ऑफसेटच्या दिशेची रेघ लेथवरच मारून घ्या. वेबवर क्रॅन्कच्या केंद्रातून पिनच्या भोकाच्या केंद्रापर्यंत दुसरी रेघ ओढा, भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत. प्रेस करताना दोन्ही एका ओळीत, ऑफसेट बाहेरच्या बाजूला. रेघ सरकली की स्ट्रोक कमी भरतो आणि इग्निशनच्या खुणाही खोट्या पडतात. दुसरा वेब दाबून झाल्यावर क्रॅन्क व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा, दोन्ही शाफ्टचं हेलकावणं ०.०३ मिमीच्या आत आणा. कार्बोरेटरचा मेनजेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघा.

आता स्पष्टच सांगतो. सीसी ८ टक्के वाढते, टॉर्क फार तर तेवढाच. ८००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १३.२ वरून १४.३ मीटर प्रतिसेकंद होतो, झीज त्याच मानाने वाढते. शिवाय आरसीवर ९७.२ सीसी लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे अशी गाडी रस्त्यावर काढणं अडचणीचं आहे. नुसता घाटच चढायचा असेल तर मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठं लावा. इंजिन न उघडता चाकावर जवळपास तेवढाच जोर मिळेल, फक्त सपाटीवर आरपीएम थोडे जास्त राहतील.

पाना_१०ः११
मग आधी स्प्रॉकेट. क्रॅन्क तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवतो.