ट्रायक्लो बंद करायचंय, सीओटूने पार्ट साफ होतील का?

प्रश्न
साकीनाक्याला आमचा गाळा आहे. पितळ आणि एसएसचे (स्टेनलेस स्टील) बारीक टर्निंगचे पार्ट करतो, बऱ्याच पार्टना एम3चं ब्लाइंड होल, म्हणजे 3 मिमी स्क्रूचं आरपार नसलेलं भोक असतं. कटिंग ऑइल काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरतो. टाकीवरच्या पोरांचं संध्याकाळपर्यंत डोकं गरगरतं. त्याने कॅन्सर होतो हे वाचल्यापासून ते त्यांच्या हातात द्यायला जीव धजत नाही. ड्राय आइसचं, म्हणजे गोठवलेल्या सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड) मशीन घेऊ का?

उत्तर १
बंद कराच. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांत टाकलंय.

पण ड्राय आइस तुमच्या कामाचं नाही. आम्ही टूलरूममध्ये रबराचे पार्ट बनवायचे धातूचे मोल्ड त्यानेच साफ करतो. उणे 78.5 अंशाच्या गोळ्या हवेच्या प्रेशरने आदळतात, जळका थर गारठून तडकतो आणि गोळीचा वायू होताना तो उचकटून निघतो. खाली धातू लख्ख. मात्र नोझलच्या समोर येईल तेवढंच साफ होतं. एम3च्या तळातलं तेल तिथेच राहणार, आणि बारीक पार्ट उडून जाईल तो वेगळाच.

तुम्हाला हवा तो सुपरक्रिटिकल सीओटू. साधारण 31 अंश आणि 74 बार प्रेशरच्या वर तो वायूसारखा भोकात शिरतो, द्रवासारखं तेल विरघळवतो. प्रेशर उतरवलं की तेल वेगळं, पार्ट कोरडा. पण घामाचे क्षार, गंज त्याने जात नाहीत. तेल कुठलं वापरता?

उत्तर २
ड्राय आइस घेणाऱ्यांनी हेही बघा. पावसाळ्यात गार पार्टवर लगेच पाणी धरतं, एमएस (साधं लोखंडी स्टील) असेल तर गंजलाच. आणि सीओटू वायू हवेपेक्षा दीडपट जड, वास नाही, खाली साचतो. आठ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा 5000 पीपीएम (दहा लाखांत 5000 भाग). शटर ओढून काम नको, मीटर लावा.

प्रश्नकर्ता
तेल साधं खनिज आहे, पाण्यात मिसळणारं नाही.

उत्तर १
मग जमेल. पण प्रेशरची टाकी महाग पडते, आधी मशीनवाल्याकडून तुमचेच पार्ट साफ करून घ्या आणि त्यातला एक उभा कापून भोकाचा तळ बघा. तोवर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी पाण्यात पार्ट धुणारी टाकी) चालू करा. डिटर्जंट न्यूट्रल घ्या, कडक अल्कलीने पितळ काळवंडतं. धुतल्यावर भोकं खाली करून ओव्हनमध्ये वाळवा.